जंतुसंसर्ग आणि रक्ताचे गोठणे : सेप्सिसच्या रुग्णासंबंधी एक अभ्यास

भातलावणीच्या दिवसांत पायात काटा वा बांबूची कपची मोडणे ही आपल्याकडे विशेष मानण्याजोगी गोष्ट नाही. काटा काढावा, वर हळद-चुना लावावा आणि पुन्हा चिखलात उतरावे, हीच रीत. काही वर्षांपूर्वी आषाढाच्या अखेरीस, प्रस्तुत लेखक एका तालुक्याच्या रुग्णालयात काम करीत असताना, ४२ वर्षांच्या एका शेतकऱ्यास त्याच्या भावाने अशाच काट्यानंतरच्या चौथ्या दिवशी आणले. तिसऱ्या दिवशी पाय घोट्यापर्यंत सुजला होता व हुडहुडी भरून ताप आला होता. चौथ्या दिवशी पहाटे अंग गार पडले, दरदरून घाम आला. ताप उतरला, असे समजून घरच्यांनी देवापुढे दिवाही लावला. परंतु आदल्या संध्याकाळपासून त्याला लघवी झाली नव्हती, तो असंबद्ध बोलत होता आणि मिनिटाला ३२ वेळा श्वास घेत होता.

तपासणीसाठी दंडातून रक्त काढले, त्या सुईच्या छिद्रातून अर्धा तास रक्त झिरपत राहिले. कापूस बदलावा आणि तो पुन्हा भिजावा. हिरड्यांतून रक्त येत होते, छातीवर जांभळे ठिपके उमटले होते. आणि त्याच वेळी त्याच्या पायाची बोटे थंडगार होऊन टोकांशी काळीनिळी पडत चालली होती. भावाने दाराशी उभे राहून विचारले, “डॉक्टरसाहेब, ह्याचे रक्त पातळ झाले आहे की गोठले आहे?”

वैद्यकाच्या विद्यार्थ्यानेही याहून नेमका प्रश्न विचारला नसता. त्याचे खरे उत्तर ‘दोन्ही’ असे आहे. एकाच शरीरात, एकाच तासाला, रक्त नको तेथे गोठत असते आणि हवे तेथे गोठेनासे होते. हे कसे घडते, त्यावरून रुग्णाच्या भवितव्याचा अंदाज कसा बांधता येतो आणि त्यावर काय करता येते व काय करता येत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सेप्सिस कशास म्हणावे

शरीरात जंतू शिरले म्हणजे सेप्सिस झाला असे नव्हे. गळू, लघवीचा दाह, न्यूमोनिया हे सारे जंतुसंसर्गच होत. त्यांपैकी बहुतेक बरे होतात. जंतूंना तोंड देताना शरीराचा प्रतिकारच बेशिस्त होतो आणि त्या प्रतिकारामुळे स्वतःची मूत्रपिंडे, फुप्फुसे, यकृत, मेंदू ही इंद्रिये निकामी होऊ लागतात, तेव्हा त्या अवस्थेस सेप्सिस म्हणावे, अशी व्याख्या २०१६ साली करण्यात आली. त्यापूर्वीच्या, १९९१ च्या परिषदेत ठरलेल्या व्याख्येत साधा सेप्सिस व तीव्र सेप्सिस असे दोन प्रकार होते. आता इंद्रिय बिघडल्याखेरीज सेप्सिस म्हणतच नाहीत. म्हणून ‘तीव्र’ हे विशेषण अनावश्यक ठरले. जुन्या कागदपत्रांत आणि अद्यापही पुष्कळांच्या बोलण्यात ते येते, एवढ्यासाठी हा खुलासा.

या रोगाचा व्याप सामान्य माणसाच्या कल्पनेपलीकडचा आहे. २०१७ या एका वर्षात जगभरात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला व सुमारे १ कोटी १० लाख लोक त्यासंबंधाने दगावले, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. जगातील दर पाच मृत्यूंमागे एक, असे हे प्रमाण पडते. रुग्णांपैकी सुमारे २ कोटी ही पाच वर्षांखालील मुले होती. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र हा शब्द क्वचितच दिसतो. तेथे ‘न्यूमोनिया’, ‘बाळंतरोग’, ‘मधुमेह’ किंवा नुसतेच ‘ताप’ लिहिलेले असते. जागतिक आरोग्य परिषदेने २०१७ साली सेप्सिसविषयी स्वतंत्र ठराव केला, त्याला हेही एक कारण आहे.

रक्त गोठते कसे

खाजन शेतीचा बांध ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही क्रिया समजावयास सोपी जाईल. बांधाला भोक पडले की राखणदार प्रथम हाताशी असलेली ढेकळे त्यात कोंबतो. नंतर काट्याकुट्यांची जाळी घालून वर चिखल लिंपतो. रक्तवाहिनीला छेद गेला की पहिली ढेकळे म्हणून धावून येतात ते रक्तातील बिंबाणू, म्हणजेच आता खेडोपाडी ज्यांना प्लेटलेट म्हणतात ते कण. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये ते दीड ते साडेचार लाख असतात. त्यांच्या पाठोपाठ रक्तद्रवातील प्रथिनांची साखळी सुरू होते. एक प्रथिन दुसऱ्याला जागे करते, दुसरे तिसऱ्याला, आणि शेवटी थ्रॉम्बिन नावाचे विकर तयार होते. ते विकर रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे चिवट धाग्यांत रूपांतर करते. धाग्यांच्या या जाळ्यात तांबड्या पेशी अडकून गुठळी बनते. यांपैकी पुष्कळशी प्रथिने यकृतात तयार होतात आणि त्यांतील काहींना क जीवनसत्त्व नव्हे, तर के जीवनसत्त्व लागते. या दोहोंत पुष्कळ वेळा गल्लत होते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

परंतु ही साखळी एकदा सुरू झाली आणि थांबलीच नाही, तर बोटाला सुई टोचल्यावर सर्व शरीराचे रक्त गोठून जाईल. म्हणून निसर्गाने लगामही ठेवले आहेत. अँटिथ्रॉम्बिन हे प्रथिन थ्रॉम्बिनला धरून निष्प्रभ करते. ‘प्रथिन सी’ हे साखळीतील वरच्या कड्या तोडते. साखळीच्या अगदी उगमाशीच तिला रोखणारे आणखी एक प्रथिन आहे. आणि झालेली गुठळी काम संपल्यावर विरघळविण्यासाठी प्लास्मिन आहे. या सर्वांच्या वर देखरेख असते ती रक्तवाहिन्यांच्या आतील गुळगुळीत अस्तराची. हे अस्तर निरोगी आहे तोवर रक्त वाहते राहते.

जंतूंचा गोठण्याशी संबंध काय

गोठणे हे जखमेसाठी आणि प्रतिकार हा जंतूंसाठी, अशी विभागणी आपण पाठ्यपुस्तकात करतो. निसर्गाने ती इतकी काटेकोर केलेली नाही. याचे सर्वांत सुंदर उदाहरण समुद्रातील एका प्राण्याचे आहे. घोड्याच्या नालेसारखी पाठ असलेला, खेकडा म्हटला जाणारा पण वास्तविक विंचू-कोळ्यांच्या गोत्रातला हा जीव अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पुष्कळ आढळतो. त्याचे भाऊबंद आपल्या ओडिशाच्या किनाऱ्यावरही आहेत. त्याचे रक्त तांब्यामुळे निळे असते. फ्रेडरिक बँग या शास्त्रज्ञाने या प्राण्यात काही जंतू टोचले, तेव्हा त्याच्या सर्व शरीरातील रक्त गोठून तो मेला, हे निरीक्षण १९५६ साली प्रसिद्ध झाले. पुढे जॅक लेविन या रक्तरोगतज्ज्ञाच्या साहाय्याने असे दिसून आले की जंतू जिवंत असण्याचीही आवश्यकता नाही. विशिष्ट जंतूंच्या कवचातील अंतर्विषाचा अत्यल्प अंश असला तरी ते रक्त गोठते. या प्राण्याला पांढऱ्या पेशींच्या फौजा नाहीत. जंतू जेथे शिरला तेथेच त्याला गोठवून कोंडून टाकणे, एवढाच त्याचा बचाव. आपल्या रुग्णालयांतील सलाईनच्या बाटल्या व इंजेक्शने अंतर्विषमुक्त आहेत की नाहीत याची परीक्षा १९७० च्या दशकापासून याच निळ्या रक्तापासून केलेल्या द्रव्याने होत आली. एका सागरी जीवाचे एवढे ऋण आपल्यावर असेल, हे शाळेतील मुलांना सांगावयास शिक्षकांस हरकत नाही.

मनुष्यातही तो प्राचीन वारसा शिल्लक आहे. जंतूंची चाहूल लागताच काही पांढऱ्या पेशी आपल्या पृष्ठभागावर असे एक प्रथिन आणतात की जे एरवी केवळ जखम झाल्यावरच रक्ताच्या संपर्कात यावयाचे. झाले, साखळी सुरू! दुसऱ्या काही पांढऱ्या पेशी तर स्वतःच्या केंद्रकातील धागे बाहेर फेकून जंतूंवर जाळे टाकतात, हे २००४ साली प्रथम दाखविण्यात आले. त्या जाळ्यांवर प्लेटलेट चिकटतात आणि लहान वाहिनीत गुठळी जमते. एखाद्या गळवाभोवती हे घडते तेव्हा ते हिताचेच असते. जंतू तेथल्या तेथे कोंडले जातात.

ससा या प्राण्यावरील एक जुना प्रयोगही येथे आठवतो. १९२८ साली न्यूयॉर्कमध्ये श्वार्ट्झमन यांनी सशाच्या त्वचेत जंतूंपासून काढलेला द्रव टोचला व सुमारे २४ तासांनी तोच द्रव शिरेतून दिला. काही तासांतच पहिल्या दिवशी टोचलेल्या जागी त्वचा काळी पडली व तेथे रक्तस्राव झाला. एकाच जागी गुठळी आणि रक्तस्राव! त्या शेतकऱ्याच्या बोटांकडे आणि सुईच्या छिद्राकडे पाहताना मला त्या सशाची आठवण झाली होती.

गावचा सगळा चिखल पाटात

आता खाजनाच्या बांधाकडे पुन्हा वळू. भरतीच्या रात्री कोणी ‘बांध फुटला, बांध फुटला’ अशी चहूकडून हाकाटी केली आणि गावकऱ्यांनी अंधारात जेथे पाणी दिसेल तेथे चिखल टाकावयास आरंभ केला, तर काय होईल? धड असलेले पाट बुजतील आणि शेते पाण्यावाचून राहतील. आणि पहाटे जेव्हा बांधाला खरोखरीच भोक पडेल तेव्हा त्यात घालावयास चिखलाचे ढेकूळ उरणार नाही.

सेप्सिसमध्ये हेच घडते. जंतूंची विषे व शरीराने स्वतः निर्माण केलेली दाहकारक द्रव्ये रक्ताबरोबर सर्वत्र पसरतात. वाहिन्यांचे अस्तर दुखावते. अँटिथ्रॉम्बिन खर्ची पडते, प्रथिन सी जागे होईनासे होते, म्हणजे लगाम सुटतात. शिवाय गुठळ्या विरघळविणारी यंत्रणाही या सुमारास दाबली जाते. परिणामी केसाहून बारीक अशा असंख्य वाहिन्यांत गुठळ्या जमतात. मूत्रपिंडात जमल्या की लघवी बंद होते, फुप्फुसात जमल्या की धाप लागते, बोटांच्या टोकांत जमल्या की ती काळी पडतात. दुसरीकडे, या लाखो गुठळ्यांत प्लेटलेट व गोठविणारी प्रथिने संपून गेल्यामुळे सुईचे एक छिद्रही बुजत नाही. या अवस्थेस वैद्यकात सर्वांगव्यापी अंतर्वाहिनी रक्तगोठण असे लांबलचक नाव असून डॉक्टर मंडळी तिला डी. आय. सी. म्हणतात. हा स्वतंत्र रोग नव्हे. कशाचा तरी परिणाम म्हणूनच तो उद्भवतो, आणि पुढे उपचाराच्या वेळी हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची ठरते.

येथे कोकण व गोव्यातील वाचकांना घोणस किंवा फुरशाच्या दंशाची आठवण होईल. त्यातही हिरड्यांतून व लघवीवाटे रक्त जाते आणि कारणही वरकरणी तेच : गोठविणारी प्रथिने संपून गेलेली असतात. मात्र तेथे ती सापाच्या विषाने थेट खर्ची पडतात, आणि उपाय म्हणजे प्रतिविष. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २ मिलिलिटर रक्त घेऊन ते २० मिनिटे न हलविता ठेवावे व मग नळी एकदाच कलती करून रक्त गोठले की नाही ते पाहावे, ही परीक्षा सर्पदंशासाठी उत्तम आहे. सेप्सिसच्या रुग्णावर मात्र तिच्यावर विसंबू नये. त्याचे रक्त नळीत गोठलेले दिसते आणि तरीही आत बिघाड पुष्कळ पुढे गेलेला असू शकतो.

मोजमाप आणि भवितव्य

गोठणयंत्रणा बिघडल्याने रुग्णाच्या जिवाला धोका किती वाढतो? एका मोठ्या परीक्षणातील ज्या रुग्णांना नवे औषध न देता केवळ नेहमीचा उपचार दिला होता, त्यांचे आकडे बोलके आहेत. ज्यांच्यात आरंभीच उघड डी. आय. सी. होते त्यांच्यापैकी २८ दिवसांत ४३ टक्के दगावले. ज्यांच्यात ते नव्हते त्यांच्यापैकी २७ टक्के. रोग तोच, उपचार तोच; फरक रक्ताच्या गोठण्याचा.

उघड डी. आय. सी. ओळखण्यासाठी २००१ साली एका आंतरराष्ट्रीय संस्थेने गुणांची पद्धत ठरवून दिली. प्लेटलेट एक लाखाच्या खाली गेल्यास एक गुण, पन्नास हजारांच्या खाली गेल्यास दोन. रक्त गोठण्याचा प्रोथ्रॉम्बिन काल नेहमीपेक्षा तीन ते सहा सेकंदांनी लांबल्यास एक गुण, त्याहून अधिक लांबल्यास दोन. गुठळ्यांचे तुकडे दर्शविणारे डी-डायमर हे द्रव्य मध्यम वाढल्यास दोन व फार वाढल्यास तीन. फायब्रिनोजेन १०० मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅमच्या खाली असल्यास एक. बेरीज पाच किंवा अधिक झाली की निदान पक्के.

आमच्या शेतकऱ्याचे उदाहरण घेऊ. प्लेटलेट ४६,०००, म्हणून दोन गुण. प्रोथ्रॉम्बिन काल पाच सेकंदांनी लांबलेला, एक गुण. डी-डायमर अतिशय वाढलेले, तीन. फायब्रिनोजेन १९० मिलिग्रॅम, म्हणून शून्य. एकूण सहा. यातील शेवटच्या आकड्यावर नवशिक्या डॉक्टरची फसगत होते. १९० म्हणजे जवळजवळ ठीकच, असे त्याला वाटते. परंतु दाह असताना यकृत फायब्रिनोजेन अधिक तयार करते. अशा आजारी माणसात ते चारशे-पाचशेच्या वर असावयास हवे होते. म्हणजे १९० हा आकडा मोठ्या तुटीचा आहे.

लहान रुग्णालयात डी-डायमर होत नाही, ही अडचण खरी आहे. २०१७ साली सुचविलेल्या एका सोप्या पद्धतीत केवळ प्लेटलेट, प्रोथ्रॉम्बिन काल आणि इंद्रियांच्या बिघाडाचे प्रमाण एवढ्यावर सेप्सिसमधील गोठणदोष आरंभीच्या अवस्थेत ओळखता येतो. आणि याहूनही सोपी एक गोष्ट आहे : प्लेटलेटची मोजणी पुन्हा करावी. सकाळी १ लाख ८० हजार असलेले प्लेटलेट संध्याकाळी १ लाख १० हजारांवर आले, तर दोन्ही आकडे फारसे भीतिदायक नाहीत. उतार मात्र भीतिदायक आहे. अर्थात डेंगू, मलेरिया आणि त्याच भातशेतीच्या चिखलातून होणारा लेप्टोस्पायरोसिस यांतही प्लेटलेट उतरतात, हे विसरून चालणार नाही. निदान करताना या सर्वांचा विचार एकत्र करावा लागतो.

औषधांचा धडा

लगाम सुटल्यामुळे हे घडते, तर लगाम बाहेरून द्यावेत, ही कल्पना कोणालाही सुचेल. ती सुचली आणि तिच्यावर अफाट श्रम व पैसा खर्च झाला. प्रथिन सी हे जागृत अवस्थेत शिरेतून देण्याचे परीक्षण २००१ साली प्रसिद्ध झाले. १,६९० रुग्णांपैकी ज्यांना औषध मिळाले त्यांच्यात २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण २४.७ टक्के, ज्यांना मिळाले नाही त्यांच्यात ३०.८ टक्के. केवढा आनंद झाला होता तेव्हा! गंभीर रक्तस्राव मात्र औषध घेणाऱ्यांत अधिक होता. त्याच वर्षी अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. परंतु शंका राहिल्या, म्हणून शॉकमध्ये गेलेल्या रुग्णांवर दुसरे मोठे परीक्षण करावे लागले. त्यात औषध घेणाऱ्यांत मृत्यू २६.४ टक्के व न घेणाऱ्यांत २४.२ टक्के आढळले. ऑक्टोबर २०११ मध्ये उत्पादकाने ते औषध जगभरातून मागे घेतले.

अँटिथ्रॉम्बिनची कथा याहून लवकर आटोपली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या २,३१४ रुग्णांच्या परीक्षणात दोन्ही गटांतील मृत्यूचे प्रमाण जवळजवळ सारखेच, ३८.९ व ३८.७ टक्के, निघाले. साखळीच्या उगमाशी काम करणाऱ्या प्रथिनाचा उपयोग २००३ मध्ये निष्फळ ठरला. थ्रॉम्बोमोड्युलिन या द्रव्याच्या २०१९ मधील परीक्षणात मृत्यू २६.८ व २९.४ टक्के असे आढळले. फरक औषधाच्या बाजूने, परंतु तो केवळ योगायोगाचाही असू शकेल इतका लहान. जपानमध्ये यांपैकी अँटिथ्रॉम्बिन व थ्रॉम्बोमोड्युलिन ही दोन औषधे निवडक रुग्णांना देतात. अन्यत्र त्यांचा सर्रास वापर मान्य झालेला नाही.

या अपयशांचा अर्थ तज्ज्ञ निरनिराळ्या प्रकारे लावतात. माझे स्वतःचे मत असे की, गोठणे हा जंतूंविरुद्धच्या बचावाचाही भाग असल्यामुळे तो सरसकट बंद पाडणे सर्वच रुग्णांना मानवणारे नव्हते. ज्याला त्याची गरज आहे तो रुग्ण नेमका कोणता आणि कोणत्या तासाला, हे ओळखण्याचे साधन हाती येईपर्यंत अशा औषधांकडून फार अपेक्षा ठेवू नयेत.

मग काम कशाने होते? आग विझविल्याने. शॉक असेल तर पहिल्या तासाच्या आत योग्य प्रतिजैविक, शक्य तर त्याआधी रक्ताचा जंतुपरीक्षेसाठी नमुना. पहिल्या तीन तासांत शरीराच्या दर किलो वजनामागे निदान ३० मिलिलिटर या हिशेबाने शिरेतून द्रव, म्हणजे ५० किलोच्या माणसाला दीड लिटर. तेवढ्याने रक्तदाब सावरला नाही तर तो वाढविणारे औषध. आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट : पू जेथे असेल तेथून तो काढून टाकणे. पायात राहिलेली कपची, पोटातील फुटलेले आंत्रपुच्छ, गर्भाशयात राहिलेला वारेचा तुकडा हे आत असेपर्यंत कोणतेही प्रतिजैविक पुरे पडत नाही. त्या शेतकऱ्याचा पाय चिरला तेव्हा बोटाच्या पेराएवढी बांबूची कपची आणि वाटीभर पू निघाला. प्लेटलेटचा उतार त्यानंतर दुसऱ्या दिवशी थांबला.

प्लेटलेटच्या पिशव्यांविषयी

डेंगूच्या साथींनंतर प्लेटलेटची पिशवी हा शब्द घराघरांत पोहोचला आहे. आकडा खाली आला की नातलग पिशव्यांसाठी धावू लागतात, आणि डॉक्टरने ‘तूर्त नको’ म्हटले की त्याच्या हेतूविषयी शंका घेतात. या रोगात रक्तस्राव होत नसेल तर प्लेटलेट दहा हजारांच्या खाली गेल्यावर, रक्तस्रावाचा विशेष धोका असेल तर वीस हजारांच्या खाली, आणि प्रत्यक्ष रक्तस्राव चालू असेल किंवा शस्त्रक्रिया करावयाची असेल तर पन्नास हजारांच्या खाली त्या द्याव्यात, असा सर्वसाधारण संकेत आहे. आमच्या रुग्णाला ४६,००० असताना पिशव्या दिल्या, त्या पायावर शस्त्रक्रिया करावयाची होती म्हणून. उलट बाजूने, रक्तस्राव होत नसताना अंथरुणास खिळलेल्या अशा रुग्णाच्या पायांच्या मोठ्या शिरांत गुठळी होऊ नये म्हणून अल्प प्रमाणात हेपॅरिन देतात. प्लेटलेट कमी आणि वर रक्त पातळ करण्याचे औषध, हे पाहून घरची माणसे गोंधळतात; त्यांना दोन वाक्यांत कारण सांगणे डॉक्टरचे कर्तव्य आहे.

गावपातळीवर काय पाहावे

ताप उतरून अंग गार पडणे हे नेहमीच बरे होण्याचे लक्षण नव्हे, ही गोष्ट प्रत्येक घरात समजली पाहिजे. ताप उतरलेला माणूस खरोखर बरा असेल तर तो पाणी मागतो, लघवीला जातो, माणसे ओळखतो. ज्याचा श्वास मिनिटाला २२ किंवा अधिक वेळा चालतो, जो बरळतो वा झोपाळलेला असतो, ज्याला अर्धा दिवस लघवी झालेली नाही, ज्याचे नख दाबून सोडल्यावर तीन सेकंदांतही पुन्हा गुलाबी होत नाही, तो बरा नाही. अंगावरील जांभळ्या ठिपक्यांवर काचेचा पेला दाबून पाहावा. दाबाखाली ते नाहीसे झाले नाहीत, तर ते त्वचेत झिरपलेले रक्त आहे आणि मग गाडीची वाट पाहण्यापलीकडे घरात काही करण्यासारखे नाही. काळ्या पडलेल्या बोटांना शेक देऊ नये, ती चोळू नयेत. ॲस्पिरिनची गोळी देऊ नये. प्लेटलेट कमी असण्याचा संशय असेल तर दंडात वा ढुंगणात इंजेक्शन टोचू नये. स्नायूत रक्त साचते.

बाळंतिणीकडे ४२ दिवस विशेष लक्ष ठेवावे. व्हिएन्ना येथील इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्यास लावले, तेव्हा त्यांच्या कक्षातील बाळंतिणींचे मृत्यू एप्रिलमधील सुमारे १८ टक्क्यांवरून जूनमध्ये सुमारे २ टक्क्यांवर आले. त्याच वर्षी शवविच्छेदन करताना सुरी लागून दगावलेल्या कोलेच्का या आपल्या सहकाऱ्याच्या शरीरात आणि बाळंतरोगाने मेलेल्या स्त्रियांच्या शरीरात त्यांना एकच विकृती दिसली होती. आज आपण तिला सेप्सिस म्हणू. हे इतके जुने असूनही, बाळंतपणानंतर नवव्या दिवशी ‘दूध उतरल्याचा ताप’ म्हणून घरी ठेवलेली एक २३ वर्षांची मुलगी आमच्याकडे पोहोचली, ती नाडी लागत नसलेल्या अवस्थेत. तिच्यासाठी काही करता आले नाही. तिचे बाळ आजीच्या मांडीवर होते.

अगदी लहान मुलांत ताप असेलच असे नाही. अंगावर न पिणे, अंग थंड पडणे, सुस्तावणे हीच लक्षणे असतात. मधुमेही माणसाच्या पायाची जखम आणि प्लीहा काढलेल्या माणसाचा कोणताही ताप हे दोन्ही त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावेत.

पुढे पाठविताना

तो शेतकरी वाचला. मोठ्या रुग्णालयात त्याला नऊ दिवस अतिदक्षता विभागात ठेवावे लागले, दोनदा डायलिसिस करावे लागले आणि उजव्या पायाची दोन बोटे काढावी लागली. बाराव्या दिवशी त्याचे प्लेटलेट २ लाख १० हजार होते. परंतु आकडे सुधारले म्हणजे माणूस पूर्ववत झाला असे नव्हे. कित्येक महिने त्याला पायऱ्या चढताना धाप लागे, नावे आठवत नसत. पुढील वर्षाची लावणी भावानेच केली. सेप्सिसमधून वाचलेल्या पुष्कळांची हीच स्थिती असते. मूत्रपिंडाची तपासणी, पुन्हा जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून काळजी आणि हळूहळू वाढवत न्यावयाचे कष्ट यांकडे पहिले तीन महिने घरच्यांनी व आरोग्यसेविकेने लक्ष पुरविणे अगत्याचे आहे.

आमच्याकडे येण्यापूर्वी तो एका लहान दवाखान्यात जाऊन आला होता. तेथून त्याला दिलेल्या चिठ्ठीवर ‘ताप, पुढे पाठविले’ एवढेच लिहिले होते. प्रतिजैविक दिले की नाही, दिले तर कोणते आणि किती वाजता, याचा पत्ता नव्हता. ते शोधण्यात आमची वीस मिनिटे गेली. रुग्ण पुढे पाठविणाऱ्याने १०८ क्रमांकाची गाडी येईपर्यंत चिठ्ठीवर पाच गोष्टी लिहाव्यात : आजार सुरू झाल्याचा दिवस, शेवटची लघवी केव्हा झाली ती वेळ, श्वास व रक्तदाबाचा आकडा, दिलेले औषध व ते दिल्याची वेळ, आणि प्लेटलेट मोजले असल्यास तो आकडा तारखेसह. चिठ्ठी नातलगाच्या खिशात न देता रुग्णाच्या मनगटाला बांधावी. घाईत नातलग मागे राहतो आणि चिठ्ठी त्याच्याबरोबर.